वीतभर उचल आणि थांब

बशीरचाचा,

परवा तुम्हाला कबरीत उतरवण्याआधी मी टाचेने कडेची जमीन ठोकून पाहिली. मुद्दाम नाही, सवयीने. तुमचा अस्लम शेजारीच उभा होता. त्याने ते पाहिलं आणि रडता रडता त्याला हसू आलं. "अब्बांनी तुम्हालाही लावलं का हे?" म्हणाला.

लावलं. तुमच्या हाताखाली आल्यापासून, दहा वर्षं झाली, मी कुठल्याच जमिनीवर निर्धास्त पाय ठेवलेला नाही. रस्ता वरून डांबरी दिसतो म्हणून खालूनही तो रस्ताच असेल, असं मला वाटत नाही. कागदावर तीन टन लिहिलेलं दिसलं की पहिला प्रश्न मनात येतो, कोणी लिहिलं? बायको म्हणते, तुम्ही दुधाच्या पिशवीकडेसुद्धा पोलिसासारखे बघता.

तुमच्याबद्दल त्या दिवशी लोक खूप चांगलं बोलले. पुण्यातल्या पेठांमध्ये तुमच्याइतक्या अरुंद जागेत क्रेन घालणारा दुसरा ऑपरेटर नव्हता, हे तर प्रत्येकाने सांगितलं. ते खरं आहे आणि ते सांगायला माणसं आहेत. मला जे सांगायचं आहे ते सांगणारं दुसरं कोणी नाही. सहा वर्षांपूर्वी साहेबांच्या ऑफिसात जाऊन तुमच्या डोळ्यांबद्दल बोलणारा मीच होतो. त्यानंतर तुम्हाला क्रेनवरून उतरवलं गेलं. तुम्ही नामदेवमामांशी, वीस वर्षं खाली उभं राहून तुमच्या क्रेनला इशारे देणाऱ्या खलाशाशी, बोलणं सोडलंत. आणि मी रोज तुमच्यासोबत चहा प्यायलो आणि गप्प राहिलो.

आता सगळं पहिल्यापासून सांगतो. तुम्हाला मधूनच सुरू केलेलं आवडत नसे.

मी यवतमाळकडचा, दारव्ह्याचा. बाबा जिनिंगमध्ये हमाल होते, कापसाच्या गाठी पाठीवर वाहायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. अमरावतीला इंजिनिअर झालो, पुण्यात आलो आणि आपल्या क्रेन कंपनीत लागलो. पहिलं काम शनिवार पेठेतलं. तीन मजली इमारत, खाली मिठाईचं दुकान, वर नवीन निघालेला कॉम्प्युटर क्लास, आणि त्या क्लाससाठी गच्चीवर जनरेटर चढवायचा. रविवारची सकाळ, सात वाजायचे होते. क्रेन गल्लीत शिरली तेव्हा दोन्ही बाजूंना हातभर जागा उरली होती. नामदेवमामा पुढून उलटे चालत, हाताच्या इशाऱ्यांनी तुम्हाला आत घेत होते. एका गॅलरीतून आवाज आला, "अहो, विमान इथे नका उतरवू. लोहगाव तिकडे आहे."

तुम्ही केबिनमधून उतरलात, पहार घेतलीत आणि रस्ता ठोकायला लागलात. क्रेन माल उचलते तेव्हा तिचं स्वतःचं आणि मालाचं सगळं वजन तिच्या चार लोखंडी पायांवर येतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण ते पाय टेकण्याआधी कोणी रस्त्याची छाती तपासतं, हे पुस्तकात नव्हतं. तिसऱ्या पायाच्या जागी तुम्ही थांबलात. पुन्हा ठोकलंत. गुडघ्यावर बसून कान खाली नेलात.

"इथे आड होता," तुम्ही म्हणालात.

मी नकाशा उघडला. "नकाशात नाहीये."

"नकाशा काढणारा इथे पाणी भरायला येत होता का?"

मग मान वर करून गॅलरीतल्या त्याच आजोबांना तुम्ही विचारलंत, "साहेब, इथे पूर्वी आड होता का हो?"

"होता की. का? क्रेनला तहान लागलीय?"

"नेमका कुठे?"

"तुम्ही उभे आहात तिथे. किंवा जरा अलीकडे. मी सहा वर्षांचा होतो, मोजून ठेवला नाही."

तुम्ही क्रेन पुन्हा बाहेर काढलीत, चार फूट सरकवून लावलीत. तासभर गेला. मिठाईवाला घड्याळ बघत होता, मी त्याच्याकडे बघत होतो. चाचा, आज सांगतो, तेव्हा मला तुमचा संशयच आला होता. वाटलं, हा माणूस नवीन इंजिनिअरला पाणी पाजतोय. ठोकून काय कळतं? आजोबांना तरी काय आठवणार? यावर आपण दहा वर्षं भांडलो. आड तिथेच होता की नव्हता? तुम्ही म्हणायचात, होता. मी म्हणायचो, पुरावा? गेल्या महिन्यात तिथे केबल टाकायला रस्ता खोदला आहे असं कळलं, तेव्हा मी मुद्दाम गेलो. चरात वाकून पाहिलं. एका बाजूला घडीव दगडांची थोडी गोलाई होती. आडाचीही असेल, जुन्या गटाराचीही असेल. काम करणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, "साहेब, आम्हाला केबलपुरतंच खणायचंय." तुम्हाला सांगायला येणार होतो. तोवर तुम्ही हॉस्पिटलात होतात, आणि तिथे तो विषय निघाला नाही.

पण त्या पहिल्या दिवशीची दुसरी गोष्ट मात्र निर्विवाद आहे. तुम्ही जनरेटर जमिनीपासून वीतभर उचललात आणि थांबलात. नुसतेच थांबलात. नामदेवमामांनी टपरीवरून चहा आणून केबिनमध्ये दिला. तीन टनाचं धूड वीतभर अधांतरी, सगळी गल्ली गॅलऱ्यांत उभी, आणि तुम्ही बशीत चहा ओतून पिताय. मी खालून ओरडलो, "चाचा, काय बघताय?"

"तुमचा कागद किती खोटं बोलतो ते."

मग मला म्हणालात, मागच्या पायाखालच्या फळीला हात लावून बघ. लावला. फळी हलत होती. वजन अंगावर असताना ती हलायला नको होती, म्हणजे क्रेन पुढे झुकू पाहत होती. जनरेटरच्या टाकीतलं डिझेल आणि त्याखालची लोखंडी चौकट कागदावर कोणी धरलीच नव्हती. माल खाली ठेवला, डिझेल काढलं, चौकट वेगळी केली, मग चढवला. तुमचा चहा तेवढ्यात संपला होता. "वीतभर उचल आणि थांब," तुम्ही म्हणालात. "वीतभरावरून पडलं तर कोणी मरत नाही. जे काही खोटं असेल ते तेवढ्यात बाहेर येतं. घाई करू नकोस, चहा पी."

माझे बाबा पुढे जेव्हा तुम्हाला भेटले, तेव्हा ते म्हणाले की जिनिंगमध्ये तेही असंच करायचे. गाठ गुडघ्यापर्यंत घ्यायची, क्षणभर थांबायचं, मग पाठीवर. तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "बघ, तुझ्या घरातच इंजिनिअर होता आणि तू अमरावतीपर्यंत गेलास." बाबा इतके हसले, की मला कितीतरी वर्षांनी त्यांचे सगळे दात दिसले.

तुमचा दुसरा नियमही मी त्याच महिन्यात शिकलो. क्रेनला हाताचे इशारे एकाच माणसाने द्यायचे, त्या खलाशाने. तुम्ही फक्त नामदेवमामांच्या हातांकडे बघायचात, मी शंभर वेळा हात हलवले तरी तुमच्या लेखी मी झाडाची फांदी. पण दोन्ही हात आडवे पसरणं म्हणजे थांब, आणि हा इशारा कोणीही देऊ शकतं. भाजीवाली, हवालदार, रस्त्याने जाणारा कोणीही. "थांब दिसला की मी विचारत नाही कोणी दिला. आधी थांबतो. मग खाली उतरून शिव्या घालतो." आणि पुढचं वाक्य तुम्ही नेहमी हळू आवाजात म्हणायचात. "पण ज्याला दिसलं आणि ज्याने थांब दिला नाही, त्याच्याबरोबर मी परत काम करत नाही."

त्या वर्षांत पुणं कसं बदलत होतं ते आपण दोघांनी क्रेनच्या हुकाखाली उभं राहून पाहिलं. आधी कारखान्यांची यंत्रं उचलायचो. मग जनरेटर, मग मोबाइलचे टॉवर, मग काचेच्या इमारतींवर ठेवायची एसीची अवजड यंत्रं. माझ्या बॅचची मुलं एकेक करून त्या काचांच्या आत जाऊन बसली. मला म्हणायची, वानखडे, एखादी कॉम्प्युटर लँग्वेज शीक, किती दिवस उन्हात राहणार? मी हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "जा की. फक्त त्यांना विचार, एसी वर कोणी ठेवला? हवेतून आला?" मी गेलो नाही. त्याचा मला पश्चात्ताप नाही, हे एक तरी तुम्हाला सांगून झालं होतं.

आता डोळ्यांचं.

तुमच्याकडूनच संशय घ्यायला शिकलो, आणि तो शेवटी तुमच्यावरच घेतला. आधी टपरीवर. चहाचा ग्लास बाकावर ठेवताना तुम्ही बोटांनी बाकाची कड चाचपायला लागलात. मग लक्षात आलं, नामदेवमामा आता कायम क्रेनच्या उजव्या अंगालाच उभे राहतात. आधी ते माल जाईल तिकडे जायचे. मी मामांना विचारलं, "मामा, सारखे इकडेच का?" मामा म्हणाले, "सावली हाय हितं." तिथे सावली नव्हती.

मग मंडईजवळचा तो सकाळचा प्रसंग. एका इमारतीवर मोबाइलचा टॉवर बसवायचा होता, त्याआधी गच्चीवरची जुनी पाण्याची टाकी खाली घ्यायची होती. मंडईचा भाग, हातगाड्या पहाटेपासून येऊन बसतात, आपण दोरी बांधून जागा अडवली तरी दोरीच्या आत एखादी येतेच. टाकी रिकामी होती, संथ खाली येत होती. तुम्ही केबिनमध्ये, मामा उजवीकडे, मी समोर, आणि डावीकडे मेथी, कोथिंबीर मांडलेली एक गाडी दोरीच्या आत आलेली. मला ती दिसत होती. वाटलं, तुम्हालाही दिसत असेल. बाई मेथीवर पाणी मारायला तांब्या घेऊन नळाकडे वळली, आणि टाकी सरळ तिच्या गाडीवर टेकली. गाडीचं चाक मोडलं. मेथी चिखलात.

बाई तांब्या घेऊन परत आली. मग म्हणाली, "अहो क्रेनवाले, मेथी निवडून मागितली असती तर दिली असती. कुटून कोणी मागितली होती?"

लोक हसले. तुम्हीही केबिनमधून उतरून, हात जोडून हसलात. "वारा आला, ताई. टाकी हलकी, झोका बसला."

शेजारच्या पानाच्या ठेल्यावर उदबत्ती लावलेली होती. तिचा धूर दोरा धरल्यासारखा सरळ वर जात होता. मी तो पाहिला. मामांनीही पाहिला असावा, कारण ते खाली बसून चिखलातल्या मेथीच्या जुड्या गोळा करायला लागले आणि त्यांनी मान वर केली नाही. गाडीच्या जागी बाई असती तर, हे आम्ही तिघांपैकी कोणी बोललो नाही.

त्यानंतर पंधरा दिवस मी तुमच्यावर पाळत ठेवली. दुसरा शब्द नाही. तुमच्या डाव्या बाजूने गुपचूप येऊन उभा राहायचो, तुम्ही दचकता का ते बघायला. तुम्ही दचकायचात. तुमच्या हातात पेपर द्यायचो, तुम्ही तो उजवीकडे सरकवून वाचायचात. प्रत्येक वेळी खात्री वाढायची आणि स्वतःची लाज वाटायची. ज्या माणसाने मला जमिनीवर उभं राहायला शिकवलं त्याच्यामागे मी चोरासारखा फिरत होतो. तुम्हाला सरळ विचारायला हवं होतं. पण तुम्ही काय म्हणाला असतात ते मला ठाऊक होतं, वारा आला. आणि मी तुमच्या तोंडावर तुम्हाला खोटं म्हणू शकलो नसतो.

म्हणून साहेबांकडे गेलो. एकच वाक्य बोललो, "सर, चाचांचे डोळे एकदा तपासून घ्यायला हवेत." आणि निघताना दारातून वळून दुसरं, "माझं नाव नको." हे दुसरं वाक्य माझ्या आयुष्यातलं सर्वांत स्वस्त वाक्य आहे.

साहेबांनी शब्द पाळला. आठवड्याभरात सूचना लागली, सगळ्या ऑपरेटरांच्या डोळ्यांची तपासणी, नवीन नियम. डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू, डावा डोळा जवळजवळ गेलेला. उजवा औषधाने टिकेल.

त्या दिवशी आपण टपरीवर बसलो होतो. तुम्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीची घडी घालत होतात, उलगडत होतात.

"नियम असे आपोआप जन्माला येत नाहीत," तुम्ही म्हणालात. "कोणीतरी बोललं."

मी चहा ढवळत राहिलो. त्यात साखर कधीच विरघळली होती.

"कोण असेल रे?"

"मला काय माहीत, चाचा."

तुम्ही चिठ्ठी खिशात घातलीत. मग म्हणालात, "नामदेवशी माझं संपलं. वीस वर्षं शेजारी उभा राहिला, आणि हे असं."

तेव्हा मी दोन्ही हात आडवे करायला हवे होते. तेव्हाच. मी उठून ग्लास ठेवून आलो.

पुढच्या सोमवारी नामदेवमामा दुसऱ्या क्रेनवर गेले, स्वतः मागून घेतलं. तुम्ही केबिनमधून खाली आलात आणि खलाशी झालात. नव्या ऑपरेटरला एका डोळ्याने, एका शिट्टीने आणि दोन हातांनी असं काम करायला लावलंत की तो पोरगा तुम्हाला घाबरून आधी जमीन ठोकायचा, मग नमस्कार करायचा. वाटलं होतं तुम्ही खचाल. तुम्ही खचला नाहीत. त्यामुळे मला आणखीच अवघड झालं. खचला असतात तर पाय धरून सांगितलं असतं.

मी प्रयत्न केला नाही असं नाही. त्या वर्षी ईदला तुमच्या घरी आलो. समोर शिरखुर्म्याची वाटी. मी म्हणालो, "चाचा, एक सांगायचं होतं."

"सांग."

"शिरखुर्मा फार छान झालाय."

तुम्ही चमचा खाली ठेवलात आणि त्या एका डोळ्याने माझ्याकडे पाहिलंत. "एवढं सांगायला इतकी तयारी?"

मी विश्रांतवाडीला फ्लॅट घेतला तेव्हा तुम्ही वास्तुशांतीला आलात. गुरुजींचं चालू असताना बाहेरच्या खोलीत तुम्ही काठीने फरशा ठोकत होतात. तीन फरशा पोकळ निघाल्या. बिल्डरचा माणूस पेढे खायला आलेला, त्याला म्हणालात, "आतापर्यंत तीन सापडल्या. तुम्ही जेवून घ्या, तोवर बाकीच्या बघतो." त्याने दुसऱ्याच दिवशी फरशा बदलून दिल्या. ती तुमची भेट. त्या फरशांवर माझी मुलगी चालायला शिकली.

आणि एक गोष्ट, जिचा मी या तीन दिवसांत सारखा विचार करतोय. क्रेनवरून उतरल्यापासून, रस्त्याने चालताना तुम्ही मला म्हणायचात, "डावीकडे ये." पहिल्यांदा वाटलं, वाहनांपासून मला वाचवताय. मग कळलं, डावीकडचं तुम्हाला दिसत नाही, तिथे कोणी तरी हवा. सहा वर्षं मी तुमच्या डाव्या बाजूने चाललो. रिक्षा आली की कोपराला हात लावायचा, खड्डा आला की दोनदा. बोलायची गरज पडत नसे.

परवा नामदेवमामा आले होते. आत आले नाहीत, कबरस्तानच्या फाटकाशी चपला हातात घेऊन उभे होते. सगळे पांगल्यावर मी त्यांच्याकडे गेलो. म्हणालो, "मामा, साहेबांना मी सांगितलं होतं. चाचांना वाटलं तुम्ही. मी सहा वर्षं बोललो नाही."

मामांनी चपला खाली ठेवल्या. "ठावं हाय मला."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"बशीरनंच. चिठ्ठी आली त्याच आठवड्यात. म्हनला, वानखडे बोललाय. त्याचं तोंडच सांगतंय."

"मग तुमच्याशी का बोलणं टाकलं?"

मामा चपलेचा अंगठा नीट करत बसले. "म्हनला, त्या पोरानं हात आडवं केलं, उशिरा का हुईना. तू दोन वरीस माज्या उजव्या अंगाला हुबा ऱ्हायलास, तुला समदं दिसत हुतं, तू न्हाई केलंस. मी म्हनलं, आरं तूच मला गप ऱ्हा म्हनलास की! तर म्हनतो कसा, मी म्हननारच. थांब द्यायला माझी परवानगी लागती व्हय?"

मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "बरोबर हुतं त्याचं. त्या गाडीच्या जागी बाईच आसती तर?" आणि चपला घालून निघून गेले.

चाचा, हे खरं आहे का?

मला खरं वाटावं असं फार वाटतं, आणि म्हणूनच संशय येतो. मामा भला माणूस आहे. मी रडत होतो, त्यांनी मला सोडवायला रचून सांगितलं असेल. मेथी गोळा करताना जशी मान खाली होती तशीच परवाही होती, आणि तेव्हा ते लपवत होते. पण रचून सांगणारा स्वतःवर इतका दोष घेईल का? "थांब द्यायला माझी परवानगी लागते का" हे वाक्य तर तुमचंच आहे, मामांना ते सुचणार नाही. पण वीस वर्षं तुमच्याबरोबर काढलेल्या माणसाला तुमची वाक्यं सुचणार नाहीत कशावरून?

आणि खरं असेल, तर तुम्ही मामांवर अन्याय केलात. स्वतः लपवायला लावलंत, आणि लपवलं म्हणून तोडलंत. हे भांडण मला तुमच्याशी करायचं होतं. आवाज चढवून. तुम्ही म्हणाला असतात, चहा पी.

मी मामांचं बोलणं वीतभर उचलून धरलंय. तीन दिवस झाले. अजून खाली ठेवलेलं नाही, वरही नेलेलं नाही. कुठली फळी हलतेय का ते बघतोय.

एकच पुरावा माझ्याकडे आहे, आणि तोही आडाच्या दगडांसारखा अर्धा. तुमच्यासारखा माणूस, ज्याचा डांबरावर विश्वास नाही, कागदावर नाही, बिल्डरच्या फरशीवर नाही, तो आपल्या न दिसणाऱ्या बाजूला कोणाला उभं करतो? तुम्हाला माहीत नव्हतं, तर तुम्ही फसलात आणि मी सहा वर्षं तुम्हाला फसवलं. तुम्हाला माहीत होतं, तर तुम्ही रोज सकाळी, सगळं माहीत असून, मला म्हणत होतात, डावीकडे ये. या दोन्हींत वजनाचा इतका फरक आहे की मला एकट्याला उचलत नाही.

तुम्हाला खाली ठेवलं तेव्हा डोकं उत्तरेला होतं आणि चेहरा पश्चिमेकडे वळवला. गर्दीत मला जिथे जागा मिळाली तिथे मी उभा राहिलो. घरी येऊन दिशा मांडल्या तेव्हा लक्षात आलं, मी पूर्वेच्या कडेला होतो. म्हणजे तुमच्या डाव्या हाताला.

अस्लम म्हणाला, तुम्हीही तीन मुठी माती द्या. मी पहिली मूठ भरली, कबरीवर धरली आणि थांबलो. लोकांना वाटलं मला रडू आवरत नाहीये. मी सगळ्यांच्या हातांकडे बघत होतो. अस्लमच्या, मौलवींच्या, लांब फाटकाशी उभ्या असलेल्या मामांच्या. थांब कोणीही देऊ शकतं, तुम्ही म्हणायचात. कोणाचेच हात आडवे झाले नाहीत.

मग मी मूठ उघडली.